नंबर कशाचा?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या भाचीला परळच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. शवविच्छेदनाच्या वर्गासाठी तिला सुरी हवी होती. "मामा, येताना चार नंबरचं हँडल आणि पाती आणशील का?" असा तिचा फोन आला. पाती कोणत्या नंबरची, हे मी विचारले नाही. दुकानात निरनिराळ्या नंबरांच्या पुड्या होत्या. नवशिक्या हाताला लहान पाते बरे, असा विचार करून मी १० नंबरची पुडी घेतली आणि दादरला, नायगावातल्या घरी आलो. पाते हँडलवर काही केल्या बसेना.

डॉक्टर मंडळींना हे ऐकून हसू येईल. १०, ११, १५ ही पाती ३ नंबरच्या हँडलची. ४ नंबरच्या हँडलला २० ते २४ लागतात. बरे, १५ नंबरचे पाते १० नंबरपेक्षा मोठे असावे, तर ते लहान! ११ नंबरचे तर सरळ धारेचे आणि टोकदार. मॉर्गन पार्कर या अमेरिकन इंजिनिअरने पाते बदलता येणाऱ्या सुरीचे पेटंट १९१५ साली घेतले, आणि त्या सुरीबरोबर आलेले हे नंबर जगभर रूढ झाले. त्यांत माप शोधू गेले की फसगत ठरलेली. ती नुसती नावे आहेत.

माझी त्रेधा वडील पाहत होते. त्यांचे उभे आयुष्य गिरणीच्या स्पिनिंग खात्यात गेलेले. ते म्हणाले, "अरे, नंबर किती हे मागाहून. आधी विचारावं, कशाचा?"

गिरणगावात हा प्रश्न कोणाला विचारावा लागत नसे. सुताचा नंबर म्हणजे एक पौंड वजनात ८४० वारांच्या किती लडी बसतात, तो आकडा. २० नंबरच्या पौंडभर सुतात २० लडी, म्हणजे १६,८०० वार. ४० नंबरात त्याच्या दुप्पट. सूत जितके बारीक, तितका नंबर मोठा. नायलॉनचे मात्र उलटे. तिथे डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. आकडा वाढला की धागा जाड. शिवणाच्या सुयांचीही तीच तऱ्हा. हातसुईचा नंबर वाढला की सुई बारीक, मशीनच्या सुईचा वाढला की जाड. यांत वेडेपणा कुठेच नाही. कोणी लांबी मोजली, कोणी वजन, कोणी जाडी, एवढेच.

पण 'कशाचा' या प्रश्नावर एकेकाळी मोठे राजकारण झाले आहे. डिसेंबर १८९४ मध्ये तिजोरीत खडखडाट होता म्हणून सरकारने परदेशी सुतावर आणि कापडावर पाच टक्के जकात बसवली. लँकेशायरचे गिरणीमालक नाराज होऊ नयेत, म्हणून इथल्या गिरण्यांच्या सुतावरही तेवढाच कर लावला. पण फक्त २० नंबरच्या वरच्या. मुंबईच्या गिरण्या मुख्यतः जाडे सूत काढत आणि त्यातले पुष्कळसे चीनला जाई. त्यामुळे बहुतेक माल करातून सुटला. लँकेशायरने ओरड केली. १८९६ साली सुतावरचा कर गेला आणि परदेशी व देशी गिरणी कापडावर सरसकट साडेतीन टक्के आला. आता २० नंबरची रेषाच पुसली गेली. ज्या जाड्याभरड्या कापडात लँकेशायरची फारशी स्पर्धाच नव्हती, गोरगरीब जे अंगावर घालत, त्यावरही कर बसला. देशी कापडावरचा हा कर १९२५ पर्यंत राहिला.

वडिलांना हा इतिहास ठाऊक नव्हता. त्यांना सूत ठाऊक होते. धागा बोटांत फिरवून ते नंबर सांगत. तपासणीच्या काट्यावर तोच निघे, असे त्यांचे जुने सोबतीही सांगत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले असंख्य परत आत गेलेच नाहीत. वडील त्यांतलेच. नोकरी गेली, भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब झाला. बोटांतल्या त्या विद्येचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडणार? पुढे वीसेक वर्षे त्यांनी एका इमारतीत रखवाली केली. तिथे सुताचा नंबर कोणी विचारला नाही.

भाची पुढे शस्त्रक्रियेचे टाके शिकू लागली, तेव्हा सरावाचे धागे घेऊन घरी आली. एक दोन-शून्य, दुसरा तीन-शून्य. या धाग्यांचे नंबर पूर्वी एकपासून वर जात. एकाहून बारीक धागे निघाले, तेव्हा शून्यापुढे शून्ये लावत गेले. शून्ये जास्त, तितका धागा बारीक. तिने वेष्टणे बाजूला ठेवली आणि दोन्ही टोके आजोबांच्या हातात दिली. वडील तेव्हा ऐंशीच्या घरात होते, नजर अधू झाली होती. त्यांनी अंगठा आणि तर्जनीत एकेक धागा फिरवला आणि एक पुढे केला.

"हा बारीक. तुमच्यात याला काय म्हणतात?"

"तीन-शून्य, आजोबा."

"बरं," ते म्हणाले, आणि तो धागा त्यांनी बराच वेळ हातातून सोडला नाही.