तेनेरेच्या वाळूतला मगर-सम्राट

नायजरच्या तेनेरे वाळवंटात गादूफाउआ नावाचा उजाड पट्टा आहे. तुआरेग लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ 'जिथे जायला उंटही कचरतात' असा सांगितला जातो. १९६४ मध्ये फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगाची माणसे तिथे शोधत होती युरेनियम. हाती लागली ती जवळजवळ अखंड अशी एक प्रचंड कवटी, माणसाच्या उंचीशी स्पर्धा करणारी.

हा प्राणी अगदीच अनोळखी नव्हता. आल्बेर-फेलिक्स द लापारां या फ्रेंच पुराजीवशास्त्रज्ञाने (ते धर्मगुरूही होते) १९४६ ते १९५९ या काळात सहारा पालथा घालून त्याचे दात आणि मणके गोळा केले होते. पण चेहरा मिळाला तो या कवटीमुळे. १९६६ मध्ये फ्रान्स द ब्रोइन आणि फिलिप ताके यांनी त्याचे बारसे केले: सार्कोसुकस इम्पेरातोर.

सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वी या वाळूच्या जागी रुंद नद्या वाहत होत्या आणि काठावर डायनोसॉर वावरत होते. सार्कोसुकस दिसायला मगर, पण आजच्या मगरींचा पूर्वज नव्हे; वंशवृक्षाची ती वेगळी, पुढे निर्वंश झालेली फांदी. मुस्कट लांब, तरी सुसरीइतके निमुळते नाही. टोकाला मात्र नर सुसरीच्या 'घड्या'ची आठवण करून देणारा फुगवटा. हा फुगवटा कशासाठी होता, यावर अजून एकमत नाही.

१९७७ मध्ये ताके आणि एरिक बुफेतो यांनी दाखवून दिले की, ब्राझीलमध्ये एकोणिसाव्या शतकात सापडलेले काही जीवाश्म याच प्रजातिगणाचे आहेत. नद्यांत राहणारा प्राणी अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर कसा? त्याच्या पूर्वजांच्या काळी तो महासागर पुरता उघडलेलाच नव्हता.

२००१ मध्ये पॉल सेरेनो यांच्या चमूने लांबी ११ ते १२ मीटर आणि वजन ८ टनांपर्यंत असल्याचा अंदाज मांडला. जगभर गाजला तो हाच आकडा. २०१९ च्या अभ्यासाने सम्राटाला साधारण साडेनऊ मीटरवर आणले आणि वजन निम्म्यावर. या आकड्याचा मात्र तेवढा गाजावाजा झाला नाही!

अभ्यासासाठी पॅरिसला गेलेली ती कवटी पुढे नायजरला परत मिळाली. वसाहतींतून युरोपात गेलेल्या किती वस्तूंच्या वाट्याला हे आले? आज ती राजधानी नियामे येथील बुबू हामा राष्ट्रीय संग्रहालयाची आहे.