पहिल्या वीस मिनिटांचा इतिहास : घरातील कन्सोल आणि आभासी वास्तव

१/ आजचा थ्रेड एका सूचनापत्रकाविषयी आहे. काही महिन्यांपूर्वी एका मित्राच्या घरी व्हर्च्युअल रिॲलिटीचा हेडसेट आला. पत्रक बाजूला सारून आम्ही थेट मोटारशर्यत सुरू केली. तिसऱ्या वळणावर मला घाम फुटला आणि पाचव्या वळणानंतर मी डोके धरून जमिनीवर बसलो. मित्राची आजी दारातून पाहत होती. ती म्हणाली, "अरे, याला गाडी लागली!"

२/ आजींचे निदान अचूक होते. रात्री ते पत्रक मी शांतपणे वाचले. लेन्समधील अंतर जुळवा, मोकळी जागा आखून घ्या, त्रास वाटताच थांबा, बारा वर्षांखालील मुलांना देऊ नका. तहाची कलमे वाचताना आधीच्या लढाईत कोणी काय गमावले ते कळते, तसेच हे पत्रक होते. यातील प्रत्येक कलमामागे कुणाचा तरी जुना प्रयोग आहे, आणि बहुधा कुणाचे तरी नुकसानही आहे. ती हकीकत क्रमाने पाहू. ज्यांना घरी सुरुवात करायची आहे, त्यांना वाटेत उपयोगाच्या गोष्टीही सापडतील.

३/ पहिले कलम : लेन्स डोळ्यांशी जुळवा. याचे मूळ १८३८ सालात आहे. इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले की आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित वेगवेगळ्या जागांवरून पाहतात आणि त्या दोन प्रतिमांतून मेंदू खोली घडवतो. त्यांनी आरशांचे एक उपकरण केले. दोन सपाट रेखाचित्रे, प्रत्येक डोळ्याला एक. आणि समोर घनाकृती उभी! छायाचित्रणाची कला जगापुढे येण्याच्या एक वर्ष आधीची ही गोष्ट आहे.

४/ पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी आरशांऐवजी लेन्स वापरून हे उपकरण आटोपशीर केले. १८५१च्या लंडनमधील महाप्रदर्शनात त्याचे मोठे कौतुक झाले. १८६१मध्ये अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी हातात धरण्याजोगा स्वस्त स्टिरिओस्कोप तयार केला आणि त्याचे पेटंट घेतलेच नाही. दिवाणखान्यात बसून दूरदेश पाहण्याची हौस तेव्हापासूनची आहे. १९०७मध्ये जेम्स रिकल्टन यांच्या भारतप्रवासाचा छायाचित्रसंचही अशाच पाहण्यासाठी प्रसिद्ध झाला होता.

५/ आजच्या हेडसेटचे तत्त्व हेच आहे : दोन डोळे, दोन प्रतिमा, दोन लेन्स. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमधील अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असते. पण ते प्रत्येकाचे वेगळे असते. म्हणून पहिल्या संध्याकाळी पहिले काम हे : लेन्सचे अंतर आपल्या डोळ्यांप्रमाणे लावणे. प्लेस्टेशन व्हीआर २ आपले डोळे कुठे आहेत हे पडद्यावर दाखवते; त्यानुसार चाक फिरवावे. अक्षरे धूसर दिसली तर हेडसेट किंचित वर-खाली करून पाहावा. बऱ्याचदा दोष चुकीच्या बसवण्यात असतो आणि आपण डोळ्यांना बोल लावतो.

६/ दुसरे कलम : मान वळली की जगही वळले पाहिजे. स्टिरिओस्कोपमधील दृश्य गोठलेले असे. ते हलते करण्याचे श्रेय आयव्हन सदरलँड यांचे. १९६८मध्ये त्यांनी डोक्यावर धारण करायचा पडदा सादर केला. मान वळवताच त्यातील रेषांची आकृती कोन बदलत असे. मानेची हालचाल मोजणारा यांत्रिक दांडा छतापासून खाली आलेला असे. डोक्यावर टांगलेल्या या यंत्रणेला 'डॅमोक्लिसची तलवार' हे ग्रीक कथेतील नाव पडले.

७/ मान वळणे आणि दृश्य वळणे यांत क्षणाचाही विलंब झाला तर काय होते? घाटातील एसटी आठवा. पुस्तकात डोके घातले की कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय म्हणते, "आपण हलतो आहोत", आणि डोळे म्हणतात, "छे, पान तर स्थिर आहे". या भांडणातून मळमळ उद्भवते. हेडसेटमध्ये भांडण उलटे असते : डोळे धावतात आणि देह सोफ्यावर असतो. गाडी लागणे तेच. फक्त गाडी नाही.

८/ १९८०च्या दशकात जॅरन लॅनियर यांच्या व्हीपीएल या कंपनीने हेडसेट आणि हातमोजे विकायला काढले. 'व्हर्च्युअल रिॲलिटी' हा शब्दप्रयोग रूढ झाला तो त्यांच्यामुळे. मात्र किमती हजारो डॉलरच्या घरात होत्या. ग्राहक म्हणजे प्रयोगशाळा. याच हातमोज्याच्या कल्पनेवरून १९८९मध्ये निन्टेंडोच्या कन्सोलसाठी 'पॉवर ग्लव्ह' हे स्वस्त खेळणे आले. मुलांनी हौसेने घेतले. पण हात एकीकडे आणि खेळातील पात्र दुसरीकडे, अशी त्याची गत झाली.

९/ मग सेगा कंपनीने धाडस केले. आपल्या घरगुती कन्सोलसाठी हेडसेट आणण्याची घोषणा तिने १९९१मध्ये केली, १९९३च्या प्रदर्शनात तो मिरवलाही. किंमत सुमारे २०० डॉलर ठेवण्याचा बेत होता. १९९४मध्ये सारे गुंडाळले गेले. कंपनीचे म्हणणे असे की अनुभव इतका खरा वाटतो की खेळणारा स्वतःला इजा करून घेईल. परंतु चाचण्यांत लोकांना डोकेदुखी आणि मळमळ होत असल्याच्या हकीकती नंतर बाहेर आल्या. त्या काळच्या चिपला मानेच्या वेगाने चित्र काढणे झेपणारे नव्हते.

१०/ आता या कथेतील सर्वात करुण प्रकरण. गुनपेई योकोई हे निन्टेंडोचे ज्येष्ठ अभियंते. गेम अँड वॉच त्यांचे, अंगठ्याने चालवायचे अधिक-चिन्हाच्या आकाराचे बटण त्यांचे, १९८९चा गेम बॉयही त्यांच्याच चमूचा. नव्या महागड्या तंत्रापेक्षा मुरलेले, स्वस्त तंत्र घ्यावे आणि त्याचा अनपेक्षित उपयोग शोधावा, हे त्यांचे सूत्र. अमेरिकेतील एका कंपनीने लाल एलईडीची एकेरी ओळ आणि वेगाने हलणारा आरसा यांतून पूर्ण चित्र उभे करून दाखवले. योकोईंना त्यात आपले सूत्र दिसले.

११/ त्यातून 'व्हर्च्युअल बॉय' जन्मला : जुलै १९९५, जपान. किंमत १५,००० येन. त्यातील सारे जग काळ्यावर लाल होते. लालच का? तो एलईडी स्वस्त होता आणि वीजही कमी खात होता. प्रखर निळा एलईडी तर १९९३मध्ये कुठे प्रयोगशाळेबाहेर पडला होता. त्याच्या जनकांना २०१४मध्ये नोबेल मिळाले. रंगीत चित्र त्या किमतीत बसणारे नव्हते.

१२/ आता व्हर्च्युअल बॉयची रचना पाहा. डोक्यावर बांधण्याऐवजी तो टेबलावरच्या तिवईवर ठेवलेला. खेळणाऱ्याने वाकून आत डोकावायचे. मान वळवण्याची सोय नाही, कारण मळमळीची धास्ती होती. सात वर्षांखालील मुलांना देऊ नये अशी सूचना. ठरावीक वेळाने खेळ आपोआप थांबवून विश्रांती सुचवणारी सोय. आणि वरच्या बाजूस? बाहुल्यांमधील अंतर जुळवण्याचे चाक! आजच्या पत्रकातील निम्मी कलमे १९९५मध्येच लिहून झाली होती.

१३/ तरी ते यंत्र पडले. जगभरात सुमारे ७,७०,००० नग गेले. एकूण २२ खेळ निघाले. जपानमध्ये सहा महिन्यांच्या आत विक्री थांबली, अमेरिकेत १९९६मध्ये. मान आखडते, डोळे दुखतात, ही तक्रार सर्वत्र होती. हौशी मंडळी आजही 'सर्वात वाईट कन्सोल' अशा याद्यांत त्याला मानाचे स्थान देतात.

१४/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थबकले पाहिजे. योकोई १९९६मध्ये निन्टेंडोतून बाहेर पडले. ऑक्टोबर १९९७मध्ये रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. या दोन घटना एकापुढे एक ठेवून 'अपयशाने ग्रासलेला अभियंता' अशी गोष्ट सांगितली जाते. योकोई स्वतः मात्र सांगत की पन्नाशीनंतर स्वतंत्र काम करण्याचा विचार जुनाच होता. जाण्यापूर्वी गेम बॉयची छोटी, यशस्वी आवृत्तीही बाजारात आली होती. एकामागून एक घडले म्हणून एकामुळे दुसरे घडले, असे मानणे ही आपल्या शास्त्रातील सर्वात जुनी चूक.

१५/ मग पुढची सतरा वर्षे दिवाणखान्यात शांतता का होती? उत्तर खिशात आहे : स्मार्टफोन. फोनमुळे लहान, दाट, रंगीत पडदे आणि हालचाल ओळखणारे सेन्सर लाखोंच्या संख्येने, स्वस्तात बनू लागले. २०१२मध्ये ऑक्युलसने लोकवर्गणीत अडीच लाख डॉलर मागितले, सुमारे २४ लाख मिळाले. मार्च २०१४मध्ये सोनीने प्लेस्टेशनसाठीचा 'प्रोजेक्ट मॉर्फियस' दाखवला आणि त्याच महिन्यात फेसबुकने ऑक्युलस दोन अब्ज डॉलरना घेण्याचे जाहीर केले.

१६/ मॉर्फियस म्हणजेच प्लेस्टेशन व्हीआर. १३ ऑक्टोबर २०१६, किंमत ३९९ डॉलर. योकोईंचे सूत्र येथे पुन्हा भेटते : हातातील चेंडूसारखे दिवे असलेले मूव्ह कंट्रोलर २०१०चेच, आणि हेडसेटवरील निळे दिवे टिपणारा कॅमेराही आधीपासून विक्रीत असलेला. खेळ सेकंदाला किमान ६० फ्रेम काढेल, अशी अट सोनीने निर्मात्यांना घातली. ही अट म्हणजे सेगाच्या गुंडाळलेल्या प्रयोगाला दिलेले उत्तर समजा. २०१९ अखेरपर्यंत पन्नास लाखांहून अधिक संच विकले गेले.

१७/ तिसरे कलम : मोकळी जागा आखा. पहिल्या संचात वायरींचे जंजाळ होते आणि कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर गेले की हात हरवत. फेब्रुवारी २०२३च्या प्लेस्टेशन व्हीआर २मध्ये एकच वायर आहे. कॅमेरे हेडसेटवरच बसवलेले असून ते खोली ओळखतात आणि सीमा आखू देतात. बसून किंवा उभ्याने खेळायला साधारण एक मीटर लांब-रुंद जागा पुरते, चालत खेळायला किमान दोन मीटर. आपल्याकडील खोल्या पाहता बसून सुरुवात करणे सर्वात शहाणपणाचे. पंखा, टीपॉय आणि धाकटी भावंडे यांचा अंदाज आधी घ्यावा. आणि लेन्सवर ऊन पडू देऊ नये. भिंगातून एकवटलेला सूर्यप्रकाश आतील पडदा जाळतो.

१८/ घेण्यापूर्वी एक खबरदारी : पहिल्या संचाचे खेळ दुसऱ्यावर आपोआप चालत नाहीत, त्यासाठी नवी आवृत्ती निघालेली असावी लागते. वापरलेला जुना संच स्वस्तात मिळत असेल तर कॅमेरा, मूव्ह कंट्रोलर आणि मधला प्रोसेसरचा डबा सोबत आहेत ना, हे मोजून घ्यावे.

१९/ चौथे कलम : खेळ निवडताना देहाचे ऐका. 'टेट्रिस इफेक्ट'मध्ये आपण स्थिर असतो. 'मॉस'मध्ये आपण बसून छोट्या उंदरिणीला वाट दाखवतो. 'बीट सेबर'मध्ये ठोकळे आपल्याकडे येतात, आपण जागेवरच. येथे डोळे आणि कान यांचे भांडण फारसे होत नाही. धावणे, वळणे, शर्यत हे पुढच्या आठवड्यांसाठी. अशा खेळांत वळण सलग न घेता ठरावीक अंशांच्या झटक्याने घेण्याची किंवा हलताना दृश्याच्या कडा काळ्या करण्याची सोय असते; आरंभी ती चालू ठेवावी.

२०/ पाचवे कलम : थांबा. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटे पुरेत. तोंडाला पाणी सुटले, कपाळ गार पडले की त्याच क्षणी हेडसेट काढावा. नेटाने खेळत राहिल्याने सवय होत नाही, उलट मळमळ वाढते आणि मेंदू तो वास, तो आवाज लक्षात ठेवतो. दररोज थोडे खेळल्याने अनेकांना सवय जडते. काहींना नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही.

२१/ मी पुन्हा गेलो. या वेळी चाक फिरवले, खुर्चीत बसलो, 'मॉस' लावला, वीस मिनिटांनी थांबलो. काही झाले नाही. मग आजी म्हणाल्या, "मला दाखव पाहू." त्यांच्या डोळ्यांसाठी चाक पुन्हा फिरवावे लागले. त्या वेळी मला व्हर्च्युअल बॉयच्या डोक्यावरचे ते छोटे चाक आठवले. ज्याला आपण हसतो त्या यंत्राने प्रत्येकाचे डोळे वेगळे असतात, एवढे तरी नीट ओळखले होते.

२२/ तात्पर्य इतकेच की पडलेल्या यंत्रांनीच आपल्या पहिल्या वीस मिनिटांचे नियम लिहिले. पुढच्या वेळी सूचनापत्रक फेकण्यापूर्वी एकदा दस्तऐवज म्हणून वाचा. आणि कुणाच्या घरी जुना स्टिरिओस्कोप किंवा गोल चकतीचा व्ह्यू-मास्टर माळ्यावर पडला असेल, तर खाली त्याचे छायाचित्र जरूर टाका. पुढचा थ्रेड त्यावरच करू.