ग्राउंड टिट

ग्राउंड टिट : (शास्त्रीय नाव – स्यूडोपोडोसेस ह्युमिलिस). तिबेटच्या पठारावरील उंच गवताळ माळांवर राहणारा, टिट म्हणजे पॅरिडी कुलातील पक्षी. झाडाझुडपांत वावरणाऱ्या या कुलात उघड्या जमिनीवर पूर्ण आयुष्य काढणारी ही एकच जाती. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० ते ५,५०० मी. उंचीवर, जिथे झाडे संपतात तिथून पुढे तिचा मुलूख सुरू होतो. तिबेट, छिंगहाय, कान्सू आणि पश्चिम सिचुआन हा मुख्य प्रदेश. नेपाळच्या उत्तर सीमेवर मुस्तांग-डोल्पोकडे आणि भारतात उत्तर सिक्कीममध्येही आढळ आहे.

लांबी सुमारे १९ सेंमी., म्हणजे टिट मंडळींत चांगलीच थोराड. पाठ वाळूच्या रंगाची, पोट फिकट पिवळसर पांढरे, मानेवर मागे फिकट डाग. शेपटीची मधली पिसे गडद, कडेची पांढुरकी. चोच काळी, लांब आणि खाली वाकलेली, पाय मजबूत. नर-मादी सारखेच दिसतात. उड्डाण कमकुवत असते. बुजला तरी थोडेसे उडून पुन्हा जमिनीवर उतरतो आणि टुणटुण उड्या मारत पुढे जातो. थांबला की पंख आणि शेपूट झटकत राहतो. याकच्या वाळलेल्या शेणात व मातीच्या फटींत चोच खुपसून किडे, अळ्या टिपणे हा त्याचा दिवसभराचा उद्योग.

या पक्ष्याचे पहिले शास्त्रीय वर्णन ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७१ मध्ये केले. १८८५ साली भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनामागचे ह्यूम ते हेच. हा पक्षी जिथे मिळाला तिथे ते स्वतः गेले नव्हते. १८७० च्या यारकंदकडील मोहिमेत डॉ. जॉर्ज हेंडरसन यांनी जमवलेल्या कातड्यांवरून त्यांनी हे काम केले. वाकडी चोच, लांब पाय आणि वाळूचा रंग पाहून त्यांनी पक्षी मध्य आशियाच्या वाळवंटी ‘ग्राउंड जे’मध्ये, म्हणजे कावळ्याच्या कुलात घातला. पुढे त्याला वेगळी प्रजाती मिळाली, तरी कूळ तेच राहिले. विसाव्या शतकातील बहुतेक पुस्तकांत तो ‘ह्यूमचा ग्राउंड जे’ म्हणूनच भेटतो.

ही चूक २००३ मध्ये सुधारली. हेलन जेम्स आणि सहकाऱ्यांनी हाडांची रचना व डीएनए तपासून हा टिट असल्याचे दाखवले. नंतरच्या अभ्यासांत तर तो ग्रेट टिटच्या गटाला सर्वांत जवळचा ठरला. याच गटातली राखी वल्गुली सह्याद्रीतही दिसते. खरे तर घरट्याकडे पाहून आधीच शंका यायला हरकत नव्हती. कावळ्याच्या कुलातील पक्षी बहुधा काटक्यांची उघडी घरटी बांधतात. टिट मात्र ढोलीत घरटी करतात. झाडच नाही म्हटल्यावर या पक्ष्याने ढोली जमिनीत नेली, एवढेच. मातीच्या कडेत किंवा बांधात चोचीने उकरून तो दीड-दोन मीटर लांब आडवे बीळ खणतो. टोकाशी दालन, त्यात लोकर, केस आणि गवत यांची गादी. अंडी पांढरी. बाहेर वारा, गारा आणि रात्रीची गोठवणारी थंडी असली तरी आत पिले उबेत राहतात. काही घरट्यांत जोडप्याच्या मदतीला आणखी एखादा पक्षी, बहुधा नात्यातला नर, असतो आणि तोही पिलांना भरवतो.

२०१३ मध्ये या पक्ष्याच्या संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विरळ प्राणवायूला तोंड देणे व हाडांची वाढ यांच्याशी संबंधित जनुकांत निवडीच्या खुणा सापडल्या. ऊर्जेच्या वापराशी निगडित जनुककुटुंबे वाढलेली आढळली; रोगप्रतिकार व गंधज्ञानाची मात्र आटलेली. इतर टिट पक्ष्यांपासून तो ७७ ते ९९ लाख वर्षांपूर्वी वेगळा झाला असावा, असाही अंदाज निघाला.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ही जाती ‘कमी चिंता’ या वर्गात आहे. तरी तिच्या कुरणांची अवस्था सर्वत्र चांगली नाही. गवत खातात म्हणून पिका या बिळात राहणाऱ्या छोट्या सस्तन प्राण्यांना चीनने अनेक दशके विष घातले. अशा भागांत जमिनीवर राहणाऱ्या पक्ष्यांची विविधता घटल्याचे अभ्यासांत दिसले आहे.

भारतात हा पक्षी पाहायचा तर उत्तर सिक्कीममधील गुरुडोंगमार सरोवराच्या वाटेवरचे माळ ही ठरलेली जागा. तिथे जायला परवाना लागतो, आणि दुपारनंतर वारा सुटतो म्हणून सकाळीच पोहोचावे.