रेखाटन : प्राथमिक सराव

समोरच्या वस्तूचा आकार, प्रमाण, घनता आणि छायाप्रकाश रेषेने कागदावर उतरवण्यासाठी नवशिक्याने करावयाचा अभ्यास. हाताला वळण लावणे हा त्याचा हेतू समजला जातो, पण खरी मेहनत डोळ्याला घ्यावी लागते. हात थरथरल्यामुळे बिघडलेली चित्रे थोडी. वस्तू दिसते तशी न काढता आपल्याला ठाऊक असते तशी काढल्यामुळे बिघडलेलीच फार.

साहित्य मोजकेच लागते : साधा कागद, बोर्ड, खोडरबर आणि दोन-तीन पेन्सिली. ग्राफाइट व चिकणमाती मिसळून, भाजून पेन्सिलीचे शिसे बनवण्याची रीत निकोला-झाक काँते या फ्रेंच तंत्रज्ञाने १७९५ मध्ये काढली. माती वाढवली की शिसे कडक आणि फिके उठते, ग्राफाइट वाढवले की मऊ आणि काळे. आकार बांधायला एचबी, छायेला २बी व ४बी एवढ्यावर सुरुवातीची कित्येक महिन्यांची सोय होते. मोठा संच घेण्याची घाई नको.

पहिला पाठ रेषेचा. उभ्या, आडव्या, तिरप्या रेषा आणि वर्तुळे पट्टी-कंपास न घेता काढतात. मनगट टेकवून नुसत्या बोटांनी ओढलेली लांब रेषा हमखास वाकते. ती खांद्यापासून हात हलवून, नजर रेषेच्या शेवटच्या बिंदूवर ठेवून ओढावी. चुकलेली रेषा लगेच खोडू नये. ती दिसत राहिली तर दुसरी किती सरकवायची हे कळते. जागच्या जागी खोडून काढलेली रेषा बहुतेक वेळा पुन्हा तिथेच येऊन बसते.

प्रमाणासाठी पेन्सिलीनेच माप घेतात. हात कोपरात न वाकवता पुढे धरायचा, एक डोळा मिटायचा आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवून वस्तूची रुंदी तिच्या उंचीत किती वेळा बसते ते पाहायचे. कोपर वाकले की माप बदलते. भारतीय परंपरेत चित्राची सहा अंगे सांगितली आहेत (कामसूत्रावरील यशोधराच्या टीकेत ती येतात). त्यांत रूपभेदानंतर दुसरे अंग प्रमाणच आहे.

नवशिक्याची खरी परीक्षा पाहायची तर त्याच्यापुढे तांब्या किंवा पेला ठेवावा. पेल्याचे तोंड गोल आहे हे ठाऊक असते, म्हणून ते फार उघडे काढले जाते. पेला टेबलावर सपाट बसतो हेही ठाऊक असते, म्हणून तळाला सरळ रेघ ओढली जाते. दिसतात ती मात्र दोन लंबवर्तुळे. नजरेच्या नेमक्या पातळीवरचे वर्तुळ सरळ रेषेसारखे दिसते आणि पातळीपासून जितके खाली जावे तितके ते उघडत जाते. त्यामुळे टेबलावरच्या सरळ पेल्याचा तळ तोंडापेक्षा अधिक गोलावलेला काढावा लागतो. लंबवर्तुळाची दोन्ही टोके वळलेली असतात. ती टोकदार झाली की पेला चेपल्यासारखा दिसतो. तळाचा मागचा, न दिसणारा भागही आधी हलका काढून पाहिला तर चूक तिथेच पकडता येते.

याच नियमाचा विस्तार म्हणजे यथार्थदर्शन. मागे जाणाऱ्या समांतर रेषा क्षितिजरेषेवर एका बिंदूत मिळाल्यासारख्या दिसतात. या तत्त्वाची पहिली लेखी मांडणी इटलीच्या आल्बेर्ती याने १४३५ मध्ये केली. नवशिक्याला एक साधे खोके नीट मांडता आले तरी आरंभापुरते भागते.

छायांकनात उजेडाची दिशा एकच धरून उजळ भाग, मधली छटा, गडद छाया, छायेतला परावर्तित उजेड आणि पडछाया वेगळी करतात. जॉन रस्किन याने ‘द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग’ (१८५७) या पुस्तकात पहिलाच पाठ दिला तो लहान चौकोन लेखणीच्या बारीक रेघांनी एकसारखा भरण्याचा. पुढे तो रस्त्यावरचा गोल दगड उचलून काढायला सांगतो. हे पाठ कंटाळवाणे आहेत आणि आजही उपयोगी आहेत. बोटाने शिसे चोळून केलेली गुळगुळीत छाया झटपट होते खरी, पण तिच्यात वस्तूचा उतार हरवतो.

रस्किनचे पुस्तक निघाले त्याच वर्षी मुंबईत जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली. तिथल्या आरंभीच्या शिक्षणावर इंग्लंडमधील साउथ केन्सिंग्टन पद्धतीची छाप होती. नमुन्यावरून नक्कल करायची, मग प्लास्टरच्या पुतळ्यांवरून काढायचे, असा तो क्रम. महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना हा अभ्यास भेटतो तो मुख्यतः कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांमधून. स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती हे त्यांतले परिचित विषय. या परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या मुलांच्या हाती पेन्सिल दिली, हे मान्य करायला हवे. मात्र स्मरणचित्र अनेक ठिकाणी पाठ करून घेतले जाते : तीच भाजीवाली, तोच फुगेवाला, त्याच पाठमोऱ्या आकृत्या, विषय बदलला की फक्त जागा बदलतात. त्याने श्रेणी मिळते, निरीक्षण वाढत नाही.

त्यावर उपाय रॅपिड स्केचिंगचा. अमेरिकन कलाशिक्षक किमॉन निकोलायडीस यांच्या ‘द नॅचरल वे टू ड्रॉ’ (१९४१) या पुस्तकात कागदाकडे न पाहता काढलेली बाह्यरेषा आणि हालचालीची झटपट रेखाटने यांना मोठे स्थान आहे. एसटी स्टँड, आठवडी बाजार किंवा लोकलचा फलाट या त्यासाठी उत्तम जागा. माणसे तिथे थांबत नाहीत, त्यामुळे नाक-डोळ्यांत न अडकता आधी कणा, खांदे आणि कोणत्या पायावर भार आहे ते टिपावे. लहान वही व एक पेन्सिल एवढे त्याला पुरते.