तुरुंगरक्षकाचे वकीलपत्र

तुरुंगाविषयी आपल्याकडे लिहिले गेले ते बहुतेक गजांच्या आतल्या माणसाने. अंदमान असो, येरवडा असो वा आमच्या गोव्यातली आग्वादची बंदखण असो, आठवणी आहेत त्या कैद्यांच्या. बाहेर किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा असलेला शिपाई या लेखनात येतो तो एक तर क्रूर म्हणून, नाही तर चोरून चिठ्ठी पोचवणारा दयाळू म्हणून. त्याच्यावरच आरोप झाला तर त्याची बाजू कोणी मांडायची, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. कायद्याला मात्र तो पडला होता, आणि त्याने दिलेले उत्तर मोठे विचित्र आहे.

ब्रिटिशांनी 1894 साली तुरुंग कायदा केला. नोकरांवर या कायद्याचा फारसा विश्वास नव्हता. कलम 9 प्रमाणे कैद्याशी कसलाही व्यवहार करायचा नाही, कलम 10 प्रमाणे तुरुंगाच्या ठेक्यात हितसंबंध ठेवायचा नाही, कलम 22 प्रमाणे रजेशिवाय गैरहजर राहायचे नाही. त्यावर कळस म्हणजे कलम 54. जेलर किंवा त्याच्या हाताखालच्या नोकराने कर्तव्यात कसूर केली, रजा संपूनही मुद्दाम परतला नाही, दोन महिन्यांची लेखी सूचना न देता नोकरी सोडली, परवानगीवाचून दुसरे काम धरले किंवा भ्याडपणा दाखवला, तर मॅजिस्ट्रेटसमोर खटला. शिक्षा दोनशे रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. भ्याडपणा हा गुन्हा एरवी लष्करी कायद्यात शोभावा. इथे तो महिना चार पैसे मिळवणाऱ्या वॉर्डरला लावला होता.

पण खटला मॅजिस्ट्रेटसमोर असल्यामुळे एक गोष्ट आपोआप मिळत होती. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 340 सांगत होते की फौजदारी कोर्टातील प्रत्येक आरोपीला वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क आहे. म्हणजे दोनशे रुपयांच्या दंडासाठी वॉर्डरला वकील हक्काने मिळे. साहेबाने मात्र कोर्टाची पायरी न चढता खात्यातच चौकशी करून त्याला घरी पाठवायचे ठरवले, तर वकिलाचा हक्क नाही. दंड परवडला, नोकरी गेली तर चूल विझते. तरी लहान शिक्षेला वकील आणि मोठ्या शिक्षेला नाही, अशी ही उलटी तऱ्हा.

याचे मूळ जुन्या राजतत्त्वात होते. सरकारी नोकर राजाच्या मर्जीपर्यंतच नोकर. नियम होते, पण ते मोडले म्हणून नोकराला दावा लावता येत नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने 1937 साली सांगितले. दरम्यान 1935 च्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया ॲक्टच्या कलम 240 मध्ये बडतर्फीपूर्वी बाजू मांडण्याची वाजवी संधी दिलीच पाहिजे, अशी अट आली होती. 1948 साली आय. एम. लाल या आयसीएस अधिकाऱ्याच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलनेच ही अट बंधनकारक ठरवली. तीच पुढे आपल्या घटनेत अनुच्छेद 311 म्हणून आली आणि आयसीएस अधिकाऱ्याबरोबर दारावरच्या वॉर्डरलाही लागू झाली. 1958 च्या खेमचंद प्रकरणात सुप्रीम कोर्टाने वाजवी संधीचा अर्थ फोड करून सांगितला. आरोप कळले पाहिजेत, ते नाकारता आले पाहिजेत, साक्षीदारांची उलटतपासणी घेता आली पाहिजे.

उलटतपासणी घ्यायची, पण ती घेणार कोण? 1960 च्या कालिंदी प्रकरणात टाटा लोकोमोटिव्हच्या कामगारांनी चौकशीत प्रतिनिधी मागितला. सुप्रीम कोर्टाने तो हक्क मानला नाही. अशा चौकशीत प्रश्न साधे असतात, घडले ते ज्याला ठाऊक आहे तोच साक्षीदाराला नीट प्रश्न विचारू शकतो, असा युक्तिवाद होता. ऐकायला पटतो. पण ज्याने उभ्या जन्मात वरिष्ठासमोर सलाम ठोकण्यापलीकडे तोंड उघडलेले नाही, त्याने त्याच वरिष्ठाची उलटतपासणी घ्यायची, हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा.

पुढे कोर्टाची भूमिका थोडी सैलावली. 1972 साली कोचीनच्या कस्टम्स खात्यातील एका नोकराच्या प्रकरणात असे दिसले की खात्याने आपली बाजू मांडायला मुरलेला सरकारी अभियोक्ता नेमला आणि नोकराला वकील मात्र नाकारला. ती चौकशी रद्द झाली. त्यानंतर आला मुंबई बंदर विश्वस्त मंडळ विरुद्ध नाडकर्णी हा खटला, 1983 च्या निर्णयसंग्रहात छापलेला. बंदर मंडळाच्या वतीने त्यांचे कायदा सल्लागारच चौकशीत उभे होते आणि नोकराला सांगितले जात होते, तुझे तू बघ. न्या. डी. ए. देसाई यांच्या पीठाने स्पष्ट केले की समोर कायदा शिकलेला माणूस उभा असेल आणि नोकराने वकील मागितला, तर तो नाकारणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही. माणसाची अब्रू आणि उपजीविका हाही त्याच्या जगण्याचाच भाग आहे, हा विचार त्या निकालात आहे.

तरीही हा हक्क अमर्याद नाही. नियमांनी तो आवळता येतो, असे 1993 च्या क्रेसेंट डाइज प्रकरणात ठरले. त्याचे टोक 2008 साली रेल्वे सुरक्षा दलाच्या प्रकरणात दिसले. त्या दलाच्या नियमाप्रमाणे आरोपी शिपायाला एक सहकारी मित्र म्हणून बसवता येतो, पण त्या मित्राने चौकशी अधिकाऱ्याशी बोलायचे नाही आणि साक्षीदाराला प्रश्नही विचारायचा नाही. हायकोर्टाने हा नियम रद्द केला होता, सुप्रीम कोर्टाने तो वैध ठरवला. तुरुंगखाते त्या दलात मोडत नाही, पण वर्दीच्या नोकरीकडे पाहण्याची दृष्टी कशी असते ते यावरून कळते.

गोव्यातील सरकारी नोकरांच्या चौकशा 1965 च्या केंद्रीय नागरी सेवा नियमांप्रमाणे चालतात, आमचे जेल गार्डही त्यातच आले. नियम 14 (8) सांगतो की नोकराला दुसऱ्या सरकारी नोकराची मदत घेता येईल. वकील हवा असेल तर खात्याचा सादरकर्ता अधिकारी वकील असला पाहिजे, नाही तर शिस्तभंग अधिकाऱ्याने परवानगी दिली पाहिजे. कागदावर हे ठीक आहे. पण तुरुंगखात्यात मदतीला येणारा सहकारीही त्याच अधीक्षकाच्या हाताखालचा. उद्या त्याची बदली, त्याची रजा, त्याचा गोपनीय अहवाल त्याच हातात. दुसऱ्या खात्यातला कोणी आला तर त्याला तुरुंगाची नोंदवही, झडतीची पद्धत, पाळ्यांचा हिशेब समजावून सांगण्यातच तारखा जातात.

त्यात निलंबन. निलंबित नोकराला सुरुवातीला अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका निर्वाह भत्ता मिळतो. तोही वेळेवर मिळाला नाही तर चौकशीला जायचे कसे? 1973 साली मध्य प्रदेशातील एका वनाधिकाऱ्याची चौकशी सुप्रीम कोर्टाने याच कारणाने रद्द केली होती. भत्ता न मिळाल्याने तो हजरच राहू शकला नव्हता.

आता दुसरी बाजू, आणि ती सोडून हा विषय प्रामाणिकपणे मांडता येणार नाही. 1979 साली तिहारमधील एका कैद्याने सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिले की एका हेड वॉर्डरने दुसऱ्या कैद्याचा अमानुष छळ केला. कोर्टाने ते पत्र याचिका म्हणून घेतले, आणि कोर्टाला मदत करायला उभ्या राहिलेल्या वकिलांत आपले डॉ. वाय. एस. चितळे होते. न्या. कृष्ण अय्यर यांच्या निकालाने तुरुंगात वकिलांच्या भेटीगाठींची वाट उघडली आणि तुरुंगातील कठोर शिक्षांवर सेशन्स जज्जची नजर आणली. पुढे 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोठडीतल्या प्रत्येक माणसाला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला. हे सगळे होणे आवश्यकच होते. ज्याच्या हातात काठी आहे त्याच्यापेक्षा ज्याच्या अंगावर वळ आहेत त्याची काळजी आधी.

मग अशा वॉर्डरला वकील कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर त्या कैद्याच्याच हिताचे आहे. तुरुंगातल्या घटनेचे साक्षीदार बहुधा कैदीच असतात. ते घाबरलेले असतात, आणि कधी कधी जुना राग काढणारेही असतात. खरी मारहाण आणि खोटी तक्रार यांतला फरक नीट उलटतपासणीनेच कळतो. चौकशी अर्धवट उरकली, कागद दिले नाहीत, बचाव करू दिला नाही, की काही वर्षांनी कोर्ट ती रद्द करते. हैदराबादच्या ईसीआयएल कंपनीच्या प्रकरणात 1993 साली ठरले की चौकशी अहवालाची प्रतही शिक्षेपूर्वी नोकराला द्यावी लागते. अशा त्रुटींपायी खरोखर हात उगारलेला माणूसही पुन्हा त्याच बराकीसमोर उभा राहू शकतो. त्याच वेळी एखादा निरपराध गार्ड वरिष्ठांची चूक आपल्या नावावर घेऊन घरी बसलेला असतो, कारण मोबाइल आत कसा गेला याचे उत्तर द्यायला खालचा माणूस नेहमी हाताशी असतो.

केंद्राने 2023 साली राज्यांसाठी आदर्श तुरुंग कायदा तयार केला. त्यात मोबाइल वगैरे बंदी असलेल्या वस्तूंबद्दल कैद्यांबरोबर तुरुंगातल्या नोकरांनाही शिक्षा सुचवलेली आहे. तुरुंग हा घटनेने राज्यांचा विषय, तेव्हा नवे कायदे राज्येच करणार. शिक्षेचे कलम लिहिताना बचावाचे कलमही त्याच शाईने लिहावे, एवढीच अपेक्षा. खात्याबाहेरचा, अधीक्षकाला न घाबरणारा आणि साक्षीदाराला प्रश्न विचारू शकणारा एक माणूस आरोपी गार्डाशेजारी बसवला, तर खात्याचे काही बिघडणार नाही. दोनशे रुपयांच्या दंडासाठी इंग्रजांच्या कायद्याने जे नाकारले नव्हते, ते आयुष्यभराच्या भाकरीसाठी आपण का नाकारावे?