बाबांचा लॅपटॉप आणि बत्तीस बिट

गेल्या महिन्यात बाबांचा फोन आला, "अरे, लॅपटॉप कटकट करतोय." आधी वाटलं नेहमीचीच तक्रार असेल. पण त्यांनी फोन लॅपटॉपपाशी नेला आणि मलाही ऐकू आलं. कट्... कट्... कट्. हार्डडिस्क शेवटचे श्वास घेत होती.

हा लॅपटॉप २००४ सालचा आहे. पेन्टियम एम प्रोसेसर, मूळची ५१२ एमबी मेमरी (नंतर मी ती १ जीबी केली), ४० जीबीची डिस्क. नवीन घेऊन देतो असं मी निदान पाचदा म्हटलं असेल, पण बाबांना त्याचा कीबोर्ड आवडतो. इन्स्क्रिप्टमध्ये बोटं बसली आहेत, आणि आताच्या चपट्या कळांवर टायपणं म्हणजे टेबलावर बोटं आपटणं, असं त्यांचं मत. माझंही तेच आहे, पण ते त्यांना सांगितलं नाही.

तर शनिवारी गेलो. तासाभराचं काम असेल असं वाटलं होतं. "लिनक्स काय, कुठल्याही जुन्या मशीनवर चालतं" हे वाक्य मी वीस वर्षं लोकांना ऐकवत आलोय. या वेळी त्या वाक्याने मला चांगलंच तोंडघशी पाडलं. म्हणून घरी आल्यावर विचार करत बसलो की हे वाक्य मुळात आलं कुठून?

कारण सुरुवातीला ते खरं नव्हतंच! लायनस टॉरवाल्ड्सने जानेवारी १९९१ मध्ये ३८६ पीसी घेतला, ३३ मेगाहर्ट्झ आणि ४ एमबी मेमरीचा. हेलसिंकीतल्या विद्यार्थ्यासाठी ही चैन होती, पैसे हप्त्यांनी फेडायचे होते. तेव्हा शिकवायला वापरली जाणारी मिनिक्स ही प्रणाली त्याहून जुन्या, साध्या प्रोसेसरवरसुद्धा चालायची. लायनसला मात्र ३८६ मधल्या नव्या करामती वापरून बघायच्या होत्या. २५ ऑगस्ट १९९१ ला त्याने इतरांना कळवलं की असं असं काहीतरी करतोय, छंद म्हणून, फार मोठं काही नाही, आणि ते दुसऱ्या मशिनांवर बहुधा चालणारही नाही. म्हणजे लिनक्सचा जन्मच मुळी त्या काळच्या 'भारी' मशीनसाठी झाला. मिनिक्सचे कर्ते टॅनेनबाउम यांनी जानेवारी १९९२ मध्ये लिनक्सवर टीका केली, तेव्हा त्यातला एक मुद्दा हाच होता की हे ३८६ ला फार घट्ट चिकटलंय.

'जुन्या मशीनचा वाली' ही ख्याती नंतरची. ३८६ आणि ४८६ जुने झाले, विंडोज त्यांना पेलवेना, आणि लिनक्स मात्र ग्राफिक्सशिवाय काळ्या पडद्यावर मजेत चालत राहिलं. लोक अडगळीतल्या ४८६ चा राउटर करायचे, एका फ्लॉपीवर मावेल एवढं लिनक्स घालून. मग २००० मध्ये सीडीवरूनच चालणारं नॉपिक्स आलं, २००३ मध्ये पप्पी आलं, आणि ५० एमबीत अख्खा डेस्कटॉप बसवणारं डॅम स्मॉल लिनक्स. आपल्याकडे त्याआधी पीसीक्वेस्ट मासिकाने १९९६ पासून सीडीवर लिनक्स वाटलं होतं, त्यामागे अतुल चिटणीस होते. डायलअपच्या जमान्यात ती सीडी हाच एक मार्ग होता. २००५ पासून उबुंटूवाले तर चक्क फुकट सीडी पोस्टाने घरी पाठवायचे. माझ्याकडे अजून दोन पाकिटं आहेत. (२०११ मध्ये ती योजना बंद झाली.) हे वाक्य त्या काळातच माझ्या तोंडी बसलं.

बाबांच्या मशीनवर लिनक्स गेलं ते एप्रिल २०१४ मध्ये. ८ एप्रिलला एक्सपीचा आधार संपला आणि १७ ला लुबुंटू १४.०४ आलं, मुहूर्त छान जुळला. सीडी घातली आणि पडद्यावर दोन ओळी उमटल्या, की या प्रोसेसरमध्ये 'पीएई' नाही, सबब मी चालणार नाही. झालं!

ही पीएईची भानगड मोठी मजेशीर आहे. बत्तीस बिटांत ४ जीबीपर्यंतचेच पत्ते लिहिता येतात. त्यापलीकडची मेमरी वापरता यावी म्हणून इंटेलने १९९५ च्या पेन्टियम प्रोमध्ये पत्ता ३६ बिटांचा करायची सोय दिली, तीच पीएई. पुढच्या बहुतेक प्रोसेसरांत ती होती. पेन्टियम एमच्या सुरुवातीच्या पिढ्यांतही होती, पण "तुझ्यात काय काय आहे?" असं विचारल्यावर प्रोसेसर जी यादी देतो, तीत तिचं नावच नव्हतं. घरात पाहुण्यांसाठी खोली आहे, पण दाराबाहेरच्या पाटीवर लिहायचं राहिलं, तसं. उबुंटूने २०१२ च्या अखेरीस पीएईशिवायचा कर्नल देणं बंद केलं आणि हे लॅपटॉप एका फटक्यात बाद ठरले. मग कोणीतरी तपासलं, की अरे, सोय तर आहे! २०१४ मध्ये 'फोर्सपीएई' हा पर्याय आला. बूट होताना हा एक शब्द टाइप केला की कर्नल पाटी न वाचता सरळ खोलीत शिरतो. मी तो टाकला आणि बाबांचा लॅपटॉप वाचला. ही दुरुस्ती कोणाला पगार मिळवून देणारी नव्हती. ज्यांच्या मांडीवर असे लॅपटॉप होते त्यांनीच ती केली.

दुसरी लढाई वेलांटीची होती, खरं तर ती त्याच्याही आधीची. २००५-०६ च्या सुमारास लिनक्सवर मराठी वाचणाऱ्यांना आठवत असेल, फायरफॉक्समध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची आणि जोडाक्षरं फुटायची. एक पर्याय हाताने चालू केला की पँगो ही अक्षरं मांडणारी व्यवस्था कामाला लागायची आणि सगळं सुतासारखं सरळ. २००८ मध्ये फायरफॉक्स ३ आलं आणि तो त्रास संपला. (विंडोज एक्सपीवरही देवनागरीसाठी मूळ सीडी शोधावी लागायचीच, तेव्हा फार नाकं मुरडायला नकोत.) टंक म्हणाल तर रघू होता, गार्गी होता, मग लोहित आला. बाबांनी पहिल्याच दिवशी आक्षेप घेतला, "हा ल हिंदी आहे." मी म्हटलं, वाचता येतोय ना? "वाचता येतो, पण आपला नाही." शोधल्यावर कळलं की लोहितमध्ये मराठी वळणाचा ल आणि श वेगळे दिलेले आहेत, फक्त मजकुराची भाषा मराठी आहे हे यंत्राला सांगावं लागतं. राज्य शासनानेही २००९ मध्ये तेच वळण प्रमाण ठरवलं, तेव्हा बाबांचं बरोबर होतं.

असो. परत शनिवारकडे.

डिस्कच्या जागी नवी डिस्क मिळणं कठीण, कारण ही ४४ पिनांची जुनी आयडीई जातीची. पण कॅमेऱ्यातलं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड मुळात आयडीईचीच भाषा बोलतं, मध्ये फक्त पिना जुळवणारी पट्टी लागते. पट्टी तापकीर गल्लीत मिळाली, दुकानदाराने ती ड्रॉवरच्या तळातून शोधून काढली. सीडी ड्राइव्ह कुरकुरत होता आणि बायोसला पेन ड्राइव्हवरून बूट करणं ठाऊकच नाही. त्यावर प्लॉप नावाचा छोटा प्रोग्राम आहे, तो सीडीवरून उठतो आणि पुढची सूत्रं पेन ड्राइव्हला देतो. इथवर अर्धा तास. मी खुशीत!

मग डेबिअनचं १३ वं रूप उतरवायला गेलो, आणि बत्तीस बिटांचा इन्स्टॉलरच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये १३ आलं तेव्हापासून त्यांनी या जातीच्या मशीनसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल देणं थांबवलंय. जुने बत्तीस बिटी प्रोग्राम चौसष्ट बिटी मशीनवर चालावेत एवढ्यापुरतंच ते उरलंय.

मला राग आला, खोटं कशाला बोला. पण इतिहास बघितला तर हे पहिल्यांदा घडत नव्हतं. डिसेंबर २०१२ मध्ये इंगो मोल्नारने कर्नलमधून ३८६ चा आधारच काढून टाकला. म्हणजे लायनसने ज्यावर लिनक्स लिहिलं, ते मशीनच! ३८६ मध्ये काही आज्ञा नव्हत्या, त्यासाठी जागोजागी ठिगळं लावावी लागत, आणि प्रत्येक नवा बदल त्या ठिगळांना अडखळे. लायनसने जराही भावूक न होता ते स्वीकारलं. फेब्रुवारी २०१३ चं ३.८ हे ३८६ वर न चालणारं पहिलं रूप. मग २०१६ मध्ये लिनक्सवरचा बत्तीस बिटी क्रोम गेला, २०१७ मध्ये आर्चने हात वर केले. २०१९ मध्ये उबुंटूने सगळंच काढायचं जाहीर केलं तेव्हा आरडाओरडा झाला खरा, पण तो आमच्यासारख्यांचा नव्हे, तर वाइन आणि गेम खेळणाऱ्यांचा. त्यांच्यापुरती माघार घेतली गेली. फायरफॉक्सचं १४४ वं रूप हे बत्तीस बिटी लिनक्ससाठीचं शेवटचं, तेही २०२५ मधलं.

आणि यातला खरा प्रश्न पैशाचा नसून माणसांचा आहे. एखादं मशीन 'चालतं' म्हणजे कोणीतरी दर नव्या कर्नलवर ते चालवून बघतं, मोडलं तर कळवतं. मी वीस वर्षं ते वाक्य लोकांना ऐकवलं, पण पेन्टियम एमवर एकदाही नवा कर्नल तपासून कोणाला कळवलं नाही. मग रागवायचं कोणावर?

शेवटी डेबिअन १२ घातलं. त्यात पीएईशिवायचा कर्नल अजून आहे, त्यामुळे फोर्सपीएईचीही गरज पडली नाही. वायफायचं फर्मवेअर पूर्वी वेगळं शोधून पेन ड्राइव्हवर न्यावं लागायचं. २०२२ मध्ये डेबिअनच्या लोकांनी मतदान करून ते इन्स्टॉलरमध्येच घेतलं, त्यामुळे परवान्याच्या पानाला 'हो' म्हटलं आणि वायफाय लागलं. डेस्कटॉप एलएक्सक्यूटी, कीबोर्ड इन्स्क्रिप्ट, टंक लोहित, ल मराठी. कटकट बंद, कारण फिरणारं काही उरलंच नाही. सुरू व्हायला पूर्वीपेक्षा कमी वेळ लागतो, हे बाबांनी स्वतः कबूल केलं. फायरफॉक्स उघडल्यावर मात्र १ जीबी मेमरी घामाघूम होते. बँकेची कामं मी त्यांना फोनवर करायला सांगितली आहेत.

डेबिअन १२ चा दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत आहे. तेवढं एका चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपच्या पोटाला चिकटवलं. बाबांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "हे माझं का त्याचं?"

मी म्हटलं, त्याचं.

"मग ठीक आहे," म्हणाले, आणि प्रिंटर का दिसत नाही ते विचारायला लागले. प्रिंटर २००२ चा आहे, पॅरलल पोर्टवाला. तो या शनिवारी.