भुईचा गारवा : ठाणे-कल्याण परिसरातील घरांची जमीन

घराच्या इतिहासात भिंती व छप्पर यांची जितकी चर्चा होते, तितकी पायांखालच्या जमिनीची होत नाही. वस्तुतः ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात घर थंड राखण्याचे बरेचसे काम दीर्घकाळ जमिनीनेच केले आणि त्यासाठी कसलेही इंधन लागले नाही. ही जमीन बदलली तेव्हा ते काम कोणाकडे गेले, हे येथे पाहावयाचे आहे.

जुन्या कौलारू घरातील जमीन चोपून शेणाने सारवलेली असे. काही हात खोलीवर मातीचे तापमान वर्षाच्या सरासरीजवळ, म्हणजे उत्तर कोकणात सुमारे २७ अंश सेल्सिअस राहते. वैशाखातील दुपारी हवा ३४-३५ अंशांवर गेली तरी माजघरातील भुई तिच्याहून थंड राही व शरीराची उष्णता स्पर्शाने आणि प्रारणाने ओढून घेई. पुढे लोहमार्ग १८५४ मध्ये कल्याणास आला, १८६३ मध्ये बोरघाट चढून गेला आणि १८७१ मध्ये शहाबादवरून रायचूरला पोचला. त्यामुळे शहाबादी फरशी कल्याणास आणणे सुकर झाले. फरशीने सारवण घालविले. तळमजल्याचा भुईशी असलेला संबंध मात्र तोडला नाही.

तो तोडला बहुमजली इमारतींनी. वरच्या मजल्याची फरशी म्हणजे खालच्या बिऱ्हाडाचे छत. तिच्याखाली भुई नाही. सर्वांत वरची काँक्रीटची स्लॅब तर दिवसा ऊन साठविते आणि रात्री ते खोलीत सोडते. उष्णता साठवून तिची वेळ पुढे ढकलण्याचा जो गुण खाली उपकारक होता, तोच वर तापदायक ठरला. जमिनीचे काम आधी पंख्याकडे व नंतर वातानुकूलन यंत्राकडे, म्हणजेच विजेकडे गेले.

जमिनीत किंवा छतात नळ्या घालून पाणी खेळविण्याची आधुनिक पद्धती हे काम पुन्हा वास्तूकडे सोपवू पाहते. रोमनांचे हायपोकॉस्ट व कोरियातील ओंडोल ही तिची उष्ण रूपे होत. थंडाव्यासाठी हैदराबादजवळील पोचारम येथे इन्फोसिसने २०११ मध्ये एकाच इमारतीचा अर्धा भाग छतातील नळ्यांनी व अर्धा नेहमीच्या हवेच्या पद्धतीने थंड केला. दोन वर्षांच्या मोजणीत पहिल्या भागास सुमारे ३४ टक्के ऊर्जा कमी लागली. शिवाय स्लॅब रात्रीच थंड करून ठेवल्यास विजेचा भार गर्दीच्या वेळेवरून हलविता येतो.

तथापि हैदराबादचा हा अनुभव खाडीकाठी जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पावसाळ्यात येथे दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. फरशी त्याखाली गेली की तिला ओल सुटते. देशावर उन्हाळ्यातील दिवस व रात्र यांच्या तापमानात मोठे अंतर असते. कोकणात ते थोडे असल्याने रात्रीचा गारवा फुकट साठविता येत नाही. तेव्हा येथे हवा कोरडी करण्याची जोड अपरिहार्य आहे आणि तिचा खर्च हिशेबात धरल्यावाचून या पद्धतीचे मूल्यमापन करणे युक्त होणार नाही. जुन्या घरास भुई विनामूल्य लाभली होती. वरच्या मजल्यास ती विकतच घ्यावी लागेल.